आधी सुई, मग गोळी: एका पैलवानाच्या गुडघ्याचं प्रकरण

रुग्ण २२ वर्षांचा, ७४ किलो वजनगटातला पैलवान. गाव गगनबावडा तालुक्यात, मुक्काम कोल्हापुरातल्या एका तालमीत. उजव्या गुडघ्याच्या एसीएल लिगामेंटची दुर्बिणीने शस्त्रक्रिया झाली, आणि त्यानंतर १९व्या दिवशी तो माझ्याकडे आला तेव्हा सांध्यात पू झालेला होता. पुढे त्या गुडघ्यात आणखी तीन वेळा दुर्बीण घालावी लागली. आज दोन वर्षांनी तो स्वतःच्या पायावर धावतो, पण कुस्तीच्या मैदानात उतरत नाही. हे प्रकरण त्याच्या संमतीने लिहितो आहे. नाव आणि गाव दिलेलं नाही. फॅमिली डॉक्टरांनी, वस्तादांनी आणि ज्यांच्या घरात असं ऑपरेशन झालं आहे त्यांनी हे वाचावं असं मला मनापासून वाटतं. कारण संसर्ग झालेल्या गुडघ्याचं पुढे काय होणार, हे बऱ्याच अंशी पहिल्या आठवड्यात आपण कशानंतर काय केलं यावर ठरतं.

दुखापत आणि पहिलं ऑपरेशन

मार्च महिन्यात सरावाच्या वेळी मॅटवर ढाक हा डाव मारताना उजवा पाय रोवलेला राहिला आणि अंग फिरलं. समोरच्या गड्याचं वजन त्याच क्षणी त्या पायावर आलं. आतून ‘खट्’ असा आवाज आल्याचं त्याने सांगितलं आणि दोन तासांत गुडघा फुगला. ही हकिगत ऐकली की निदान जवळजवळ झालंच. एसीएल हे लिगामेंट मांडीच्या हाडापासून नडगीच्या हाडापर्यंत सांध्याच्या आतून तिरकं जातं आणि नडगीला पुढे सरकण्यापासून व पिळवटण्यापासून अडवतं. ते तुटलं की आत रक्त साचतं, म्हणून सूज लगेच येते. नुसता मुरगळा असेल तर सूज बहुधा दुसऱ्या दिवशी दिसते.

तालमीत नेहमीप्रमाणे तेल लावून पट्टा बांधला गेला. तीन आठवड्यांत सूज उतरली आणि पोरगं पुन्हा जोर-बैठकांना लागलं. सरळ चालताना काही जाणवत नसे, पण वळताना गुडघा सटकायचा. दुसऱ्यांदा सटकला तेव्हा आतली गादीही, म्हणजे मेनिस्कस, फाटली. एमआरआयमध्ये एसीएल पूर्ण तुटलेलं आणि आतल्या बाजूच्या गादीला मागे चीर, असं दोन्ही दिसलं.

एसीएल तुटलेल्या प्रत्येकाला ऑपरेशन लागत नाही. दुकानात बसणारा किंवा सरळ रस्त्याने चालणारा माणूस व्यायामाने मांडीचे स्नायू मजबूत करून वर्षानुवर्षं चांगला राहू शकतो. पण ज्याचं सगळं काम वळण्याचं, पिळण्याचं आणि दुसऱ्याचं वजन पेलण्याचं आहे, आणि ज्याची गादीही फाटू लागली आहे, त्याच्यासाठी ऑपरेशनचा सल्ला बरोबरच होता. जुलैमध्ये शहरातल्या एका रुग्णालयात ते झालं. मांडीच्या मागच्या दोन नसा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे टेंडन, घेऊन नवं लिगामेंट, म्हणजे ग्राफ्ट बसवला आणि गादीला टाके घातले. मी नंतर एक्स-रे पाहिले. हाडातले बोगदे जिथे हवेत तिथेच होते. काम नीट झालेलं होतं.

हे मुद्दाम सांगतो, कारण संसर्ग झाला की घरचे लगेच ‘ऑपरेशन बिघडलं’ असं धरून चालतात. एसीएलच्या ऑपरेशननंतर सांध्यात पू होण्याचं प्रमाण जगभरच्या बहुतेक नोंदींत शंभरात एकाहून कमी आहे, पण शून्य कुठेच नाही. गुडघ्याच्या वाटीखालची नस वापरली तर हा धोका थोडा कमी, मांडीच्या मागच्या नसांमध्ये थोडा जास्त. ग्राफ्ट बसवण्याआधी व्हँकोमायसिन या अँटिबायोटिकच्या द्रावणात भिजवलेल्या कापडात गुंडाळून ठेवण्याची पद्धत २०१२ पासून पसरली आणि तिच्यामुळे हे प्रमाण आणखी घटलं. पैलवानांच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी आहे. अंगाला अंग घासून त्यांच्या त्वचेवर गजकर्ण, केसतोडे, लहानसहान पुळ्या कायम असतात, आणि या संसर्गाला कारण होणारे स्टॅफिलोकोकस जंतू त्वचेवरच राहतात. म्हणून पैलवानाच्या गुडघ्याला हात लावण्याआधी मी पाठ, मांड्या, जांघा सगळं तपासतो. एक पिकलेला केसतोडा दिसला तरी ऑपरेशन पुढे ढकलतो. वस्तादांना ते आवडत नाही. यात्रा जवळ आलेल्या असतात.

पाण्यात अडकलेला आठवडा

११व्या दिवशी टाके काढले. जखम कोरडी होती, गुडघा ८० अंशांपर्यंत वाकत होता. पोरगं विश्रांतीला गावी गेलं. १३व्या दिवशी संध्याकाळी गुडघा ठणकायला लागला, अंगात कणकण आली. त्याच सुमाराला पंचगंगेचं पाणी पात्राबाहेर पडलं होतं आणि गगनबावडा रस्ता मांडुकलीजवळ बंद झाला होता. कोल्हापूरला येणं शक्य नव्हतं. गावातल्या डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेटच्या गोळ्या आणि एक वेदनाशामक दिलं.

दोन दिवसांत ताप उतरला. ठणका कमी झाला. घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

सगळं इथेच फसतं. सांध्याच्या आतल्या पोकळीत, त्यातही नुकत्याच बसवलेल्या ग्राफ्टवर, जिथे अजून रक्तपुरवठाच सुरू झालेला नाही, तिथे तोंडाने घेतलेलं औषध पुरेसं पोचत नाही. जंतू मरत नाहीत, दबतात. ताप जातो, पण पू आणि त्यातली विकरं सांध्याची कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर, खातच राहतात. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. एकदा झिजली की ती पहिल्यासारखी भरून येत नाही. आणि अर्धवट दबलेले जंतू पुढे तपासणीत उगवत नाहीत, त्यामुळे नेमकं कोणतं औषध द्यायचं हेही कळेनासं होतं. एका गोळीने दोन नुकसानं होतात: रोग लपतो आणि रोगाचा पुरावाही पुसला जातो.

गावातल्या डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही. रस्ता बंद, रुग्ण तापाने फणफणलेला, आणि समोर आईवडील. कोणीही काहीतरी देईलच. पण फोन चालू होता. शस्त्रक्रिया करणाऱ्याला फोन करून ‘गुडघा गरम आहे, काल वाकत होता तेवढा आज वाकत नाही’ एवढं सांगितलं असतं, तर वाट बघायची, रस्ता उघडताच थेट रुग्णालयात आणायचं आणि तोपर्यंत अँटिबायोटिक द्यायचं नाही, असं ठरवता आलं असतं. याला अपवाद एकच, आणि तो महत्त्वाचा आहे: ताप खूप चढला, रक्तदाब घसरला, रुग्ण बरळू लागला, धाप लागली, तर संसर्ग रक्तात गेला असं समजायचं. तिथे तपासणीसाठी थांबायचं नाही. असेल ते इंजेक्शन लगेच द्यायचं आणि मिळेल त्या वाटेने हलवायचं.

पाणी ओसरल्यावर १९व्या दिवशी तो व्यायामासाठी फिजिओथेरपिस्टकडे गेला. तिने पहिल्यांदा काय केलं, तर दोन्ही गुडघ्यांवर आळीपाळीने हाताची मागची बाजू टेकवली. उजवा स्पष्ट गरम होता. मग त्याला टाच टेबलावर टेकून पाय सरळ करायला सांगितला. गुडघ्याखाली मूठ जाईल एवढी फट राहिली. वाकणं ८० वरून ५० अंशांवर आलं होतं. तिने व्यायाम घेतलाच नाही, रिक्षात बसवून माझ्याकडे पाठवलं. या प्रकरणात सगळ्यात योग्य वेळी सगळ्यात योग्य गोष्ट कोणी केली असेल तर तिने. ऑपरेशननंतर गुडघा सुजतो, दुखतो, थोडा गरमही असतो, हे सगळं खरं. पण रोज थोडा थोडा सुधारणारा गुडघा अचानक मागे जाऊ लागला, तर संसर्ग नाही हे सिद्ध होईपर्यंत संसर्ग आहे असंच धरायचं.

त्या संध्याकाळचे आकडे

ताप नव्हता. पांढऱ्या पेशी ९,८००, म्हणजे नॉर्मल. अनेकांचा तपास इथेच थांबतो. पण सीआरपी ९४ होतं. सीआरपी हा यकृतात तयार होणारा पदार्थ कोणत्याही ऑपरेशननंतर वाढतोच; दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो सर्वांत वर असतो आणि साधारण दोन आठवड्यांत खाली येतो. १९व्या दिवशी तो ९४ असण्याला ऑपरेशन हे कारण पुरत नाही. ईएसआर, म्हणजे रक्तपेशी खाली बसण्याचा वेग, ७८ होता, पण तो तसाही आठवडेच्या आठवडे चढलेला राहतो, म्हणून मी त्यावर फार भरवसा ठेवत नाही.

त्यानंतर सुई. वाटीच्या वरच्या-बाहेरच्या कोपऱ्यातून जाड सुई घातली आणि ४५ मिली द्रव आला: पिवळट, गढूळ, ताकात हळद कालवल्यासारखा. निरोगी सांध्यातलं वंगण पारदर्शक आणि ताणलं तर तार येणारं असतं. याला तार नव्हतीच. थोडा द्रव पेशी मोजायला, थोडा रक्ताच्या कल्चरच्या, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या बाटलीत, थोडा निर्जंतुक डबीत. पेशी निघाल्या ३८,०००, त्यातल्या ९२ टक्के न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. संसर्ग म्हणायला पुस्तकात ५०,००० चा आकडा दिलेला असतो, पण ताज्या ऑपरेशनच्या आणि अर्धवट औषध घेतलेल्या गुडघ्यात तेवढी वाट बघणं धोक्याचं आहे. ग्रॅम-स्टेनमध्ये, म्हणजे रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर, जंतू दिसले नाहीत. सहा दिवसांच्या गोळ्यांनंतर दिसतील अशी अपेक्षाही नव्हती.

ही सुई घालायला दहा मिनिटं लागतात आणि खर्च एमआरआयच्या तुलनेत किरकोळ. तरी गुडघ्यात सुई घालायला लोक घाबरतात, आणि ‘आधी एक कोर्स करून बघू’ म्हणतात. माझं सांगणं एवढंच आहे की कोर्स करायचाच असेल तर सुईनंतर करा.

त्याच रात्री दुर्बीण घातली. आत पातळ पू, फायब्रिनचे पांढरे पदर, लालभडक सुजलेलं अस्तर. कूर्चेचा पृष्ठभाग अजून गुळगुळीत होता, क्ष-किरणात हाड खाल्लेलं दिसत नव्हतं. गॅख्टर नावाच्या शल्यविशारदाने अशा सांध्यांची चार टप्प्यांत वर्गवारी केली आहे. हा दुसऱ्या टप्प्यातला. चौथ्या टप्प्यात कूर्चेखाली शिरलेला संसर्ग हाड पोखरू लागतो आणि तिथे दुर्बिणीचा फारसा उपयोग उरत नाही. पदर काढले, अस्तर खरवडलं, १२ लिटर सलाईनने सांधा धुतला. मांडीच्या नसा जिथून घेतल्या होत्या ती जखमही उघडून धुतली, कारण सांधा साफ करून तिथला पू विसरला तर दोन दिवसांत सगळं पुन्हा भरतं. अस्तराचे पाच तुकडे पाच वेगळ्या डब्यांत घेतले आणि ते हातात आल्यावरच भूल देणाऱ्या डॉक्टरांना अँटिबायोटिक सोडायला सांगितलं. एक तुकडा क्षयाच्या तपासणीलाही दिला. आपल्याकडे न बरा होणारा सुजलेला सांधा क्षयाचा नाही हे पाहिल्याशिवाय सोडू नये. ती तपासणी नकारात्मक आली.

प्रश्न ग्राफ्टचा होता. वडील थिएटरबाहेर उभे होते. मी परिस्थिती सांगितली तशी ते म्हणाले, “डॉक्टरसाहेब, ते आत बसवलेलं काढून टाका, पन पोराचा पाय तेवढा वाचवा.” शेतात राबणाऱ्या माणसाचा हा विचार अगदी सरळ आहे, आणि काही वेळा तोच बरोबर असतो. पण आत ग्राफ्ट हुकाने ओढून पाहिला होता; तो घट्ट होता, सुटा झालेला नव्हता. संसर्ग लवकर धुतला गेला तर बहुतांश रुग्णांत ग्राफ्ट वाचतो, असा आजवरचा अनुभव आहे. मी त्यांना म्हणालो, “काका, आज ठेवू या. परत एकदा धुवावं लागेल. तिसऱ्यांदा धुवायची पाळी आली, तर मात्र मी तो काढणार, तेव्हा मला अडवू नका.” त्यांनी मान डोलावली.

तीन दिवसांनी सीआरपी ९४ वरून ६१ झालं होतं. उतार होता, पण मनासारखा नव्हता, आणि गुडघा पुन्हा भरू लागला होता. दुसऱ्यांदा धुतलं. यावेळी आत पू नव्हता. त्यानंतर सीआरपी २२, मग ९, आणि चौथ्या आठवड्यात नॉर्मल.

कल्चरने मात्र वाट बघायला लावली. द्रवात काहीच उगवलं नाही. चौथ्या दिवशी पाचपैकी दोन तुकड्यांत स्टॅफिलोकोकस ऑरियस उगवला, सुदैवाने साध्या औषधांना दाद देणारा. तोवर आम्ही व्हँकोमायसिन आणि सेफ्ट्रियाक्सोन अशी दोन मोठी इंजेक्शनं अंदाजाने देत होतो आणि मूत्रपिंडाची स्थिती सांगणाऱ्या क्रिएटिनिनवर लक्ष ठेवून होतो. नाव कळल्यावर दोन्ही थांबवून सेफाझोलिन सुरू केलं. दोन आठवडे हे शिरेतून, पुढे चार आठवडे तोंडाने घ्यायचं दुसरं औषध, असे एकूण सहा आठवडे. मधल्या गोळ्या पोटात गेल्या नसत्या, तर हे नाव बहुधा एक-दोन दिवसांत कळलं असतं.

एक गोष्ट आणखी, कारण ती मेडिकलच्या काउंटरवर रोज घडते. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या जातीच्या गोळ्या गुडघ्याला सूज आली म्हणून स्वतःहून घेऊ नका. त्या क्षयाला तात्पुरतं दाबून निदान लांबवतात आणि नसांना, म्हणजे टेंडनना, इजा करू शकतात. नव्याने बसवलेल्या ग्राफ्टच्या बाबतीत दोन्ही परवडणारं नाही.

संसर्ग गेला, ताठरपणा राहिला

खरं काम यापुढे होतं आणि ते फार सोसायचं होतं. पू झालेल्या सांध्यात अस्तर एकमेकांना चिकटतं. सहा आठवड्यांनी गुडघा ५ अंश वाकडाच राहत होता आणि पुढे ९५ पर्यंत जात होता. वाकणं कमी असलं तर माणूस भागवून नेतो. सरळ होणं कमी असलं तर मांडीचा पुढचा स्नायू कधीच पुरता काम करत नाही आणि चाल कायमची लंगडी होते. म्हणून पहिला भर सरळ करण्यावर दिला: टाचेखाली टॉवेलची गुंडाळी, पालथं झोपून पाय टेबलाबाहेर लोंबता ठेवणं, मांडी आवळून दहा आकडे मोजणं. दिवसातून सहा वेळा. तालमीतल्या पोरांनी पाळी लावून हे त्याच्याकडून करून घेतलं. औषधाची वेळ चुकली तर वस्ताद फोन करायचे.

तरीही पाचव्या महिन्यात गाडी १०५ अंशांवर अडकली. तिसऱ्यांदा दुर्बीण घालून चिकटलेले पदर सोडवले. तेव्हा ग्राफ्ट पाहिला: त्यावर रक्तवाहिन्यांचं जाळं आलेलं होतं, ताण उत्तम होता. आतल्या बाजूच्या कूर्चेवर मात्र नखाएवढा भाग मऊ पडलेला, सालं निघाल्यासारखा. पहिल्या रात्री तो गुळगुळीत होता. संसर्गाने केलेलं नुकसान नंतर असं वर येतं. गादीचे टाके धरलेले होते.

दोन वर्षांनी मोजलेलं

गुडघा पूर्ण सरळ होतो आणि १३० अंशांपर्यंत वाकतो. उजव्या मांडीची ताकद डाव्याच्या ९१ टक्के आहे. एक वर्षाच्या टप्प्यावर ती ७८ टक्के होती. एका पायावरची उडी ९३ टक्के. हाताने ओढून पाहिलं तर नडगी किंचित पुढे येते आणि ठाम थांबते. संसर्ग परतलेला नाही. एक्स-रेत आतल्या बाजूची फट डाव्या गुडघ्यापेक्षा थोडी अरुंद आहे.

लिसहोम या गुडघ्याचं कामकाज मोजणाऱ्या गुणांकात त्याला १०० पैकी ८८ मिळाले. या मोजमापात ८४ ते ९० म्हणजे ‘चांगला’. वैद्यकीय परिषदेत हे प्रकरण मांडलं तर ग्राफ्ट वाचला, संसर्ग गेला, निकाल चांगला, असं म्हणून लोक पुढच्या प्रकरणाकडे वळतील. पण तो तक्ता नीट वाचला पाहिजे. त्यात वेदनेला २५ गुण आहेत, अस्थिरतेला २५, सांधा अडकण्याला १५, आणि खाली बसण्याला फक्त ५. या पोराचं सगळं आयुष्य त्या पाच गुणांत आहे. बैठका, पट काढायला खाली शिरणं, गुडघा टेकून उठणं, सगळं तिथेच. १३० अंशांत पूर्ण बैठक होत नाही; टाच आणि नितंब यांत वीतभर अंतर राहतं. नुसता पैलवानच कशाला, भांगलणीला उकिडवं बसणाऱ्या बाईला, मांडी घालून जेवणाऱ्या म्हाताऱ्याला हेच पाच गुण लागतात. त्यामुळे मी माझ्या नोंदींत लिसहोमच्या आकड्याशेजारी तीन प्रश्न वेगळे लिहितो: मांडी घालता येते का, उकिडवं बसता येतं का, जमिनीवरून हात न टेकता उठता येतं का. या पैलवानाचं उत्तर पहिल्याला हो, दुसऱ्याला अर्धवट, तिसऱ्याला हो.

संसर्ग झालाच नसता तर तो मैदानात उतरला असता का? खात्रीने सांगता येत नाही. एसीएलच्या ऑपरेशननंतर खेळाडूंचं काय होतं याचा २०१४ साली एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ८१ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या खेळाकडे परतले, ६५ टक्के आधीच्या पातळीवर, आणि स्पर्धेत ५५ टक्केच. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी जवळपास निम्मे खेळाडू स्पर्धेपर्यंत परत पोचत नाहीत. ऑपरेशनआधी हे आकडे पोरांना आणि वस्तादांना स्पष्ट सांगायला हवेत. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचं मैदान उभं केलं, तिथे एकदा तरी कुस्ती मारायची हे इथल्या प्रत्येक तालमीतल्या पोराच्या मनात असतं. ‘सहा महिन्यांत मैदानात’ असं त्याला कोणी सांगू नये. नऊ महिन्यांच्या आत खेळायला लागलेल्यांमध्ये पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे, आणि तेही संसर्ग न झालेल्या गुडघ्यांबद्दल.

या पैलवानाने १६व्या महिन्यात मॅटवर हलका सराव सुरू केला. दोन महिने केला. एके दिवशी आला आणि म्हणाला, “सर, खाली शिरताना मन कच खातं. गुडघा दुखत नाही, पण मी थांबतो.” वस्ताद सोबत होते. ते म्हणाले, “पैलवान, तू पोरांना शिकव. तुझे डाव माझ्यापेक्षा सफाईचे आहेत.” आता तो पहाटे तालमीतल्या लहान पोरांचा सराव घेतो आणि दुपारी पोलीस भरतीचा अभ्यास करतो.

भरतीत १६०० मीटर धावायचं असतं. गेल्या महिन्यात त्याने मला थेट विचारलं, धावू का? मी हो म्हणालो, अटींवर. डांबरी रस्त्यावर नाही, मातीवर धावायचं. आठवड्यातून चार दिवस, एका आठवड्यात अंतर दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचं नाही. वजन ७८ झालं आहे ते ७४ वर आणायचं, कारण खुराक पैलवानाचा आणि मेहनत विद्यार्थ्याची असं सध्या चाललं आहे. धावल्यावर दुसऱ्या दिवशी गुडघा सुजलेला दिसला तर दोन दिवस थांबून मला दाखवायचं. आणि दर सहा महिन्यांनी एक्स-रे, कारण ती अरुंद झालेली फट आणखी किती आवळते हे बघावं लागणार आहे. पुढचा एक्स-रे जानेवारीत आहे.